आयर्लंडमध्ये चांगला पाइंट कुठे मिळतो आणि सोबत काय खावं?

लिफीकाठ

डब्लिनला येणारे बहुतेक पाहुणे पहिली संध्याकाळ टेम्पल बार या पबांनी गजबजलेल्या भागात घालवतात. लाल पबासमोर फोटो निघतो, दहा युरोच्या आसपासचा पाइंट (साधारण अर्ध्या लिटरचा बिअरचा ग्लास) गर्दीचे धक्के खात उभ्याउभ्या संपतो, आणि "गिनेसचं एवढं कौतुक कशासाठी?" असं त्या काळ्या बिअरबद्दल म्हणत मंडळी हॉटेलवर परततात. हे ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं. तिथून दहा-पंधरा मिनिटं चाललं की याच शहरात साधारण सहा युरोत असा पाइंट मिळतो, की तो प्रश्न पुन्हा पडत नाही. म्हणून हा धागा काढतोय. मी इथे बरीच वर्षं राहतो, इथल्या लोकांबरोबर माझं बसणं-उठणं आहे, त्यातून जे कळलं ते लिहितो. बाकीच्यांनी आपापल्या गावची भर घाला.

"गिनेस एकाच कारखान्यातून येते, मग पबापबात फरक कसा?" असं मला नेहमी विचारतात. कारखाना एकच हे खरं. आर्थर गिनेसने १७५९ मध्ये सेंट जेम्सेस गेटची जागा ९,००० वर्षांच्या कराराने घेतली, वर्षाला ४५ पौंड भाड्याने, आणि इथल्या पबांची पिंपं आजही तिथूनच भरून निघतात. पण पिंप पबाच्या तळघरात पोचलं की पुढचं बरंचसं पबवाल्याच्या हातात. सगळ्यात महत्त्वाचा खप. जिथे दिवसभर स्टाउटच (गिनेससारखी काळी बिअर) जाते तिथे पिंप झपाट्याने रिकामं होतं आणि नळीत माल पडून राहत नाही. जिथे दिवसाला चार-पाच पाइंट जातात तिथे तळघरापासून नळापर्यंतच्या नळीत कालची बिअर उभी असते, आणि आज पहिला जो जाईल त्याच्या वाट्याला ती येते. त्याखालोखाल नळ्यांची सफाई. त्या वेळेवर धुतल्या नाहीत तर आत यीस्टचा आणि जंतूंचा थर बसतो आणि चवीत एक आंबूस, कुबट झाक येते. मग गॅस. स्टाउटसाठी साधारण तीन भाग नायट्रोजन आणि एक भाग कार्बन डायॉक्साइड असं मिश्रण लागतं. गिनेसमध्येच काम करणाऱ्या मायकेल ॲश या गणितज्ञाने १९५०च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत बसवली. नायट्रोजनचे बुडबुडे अगदी बारीक असतात, म्हणून फेस सायीसारखा घट्ट बसतो.

काउंटरला उभे असाल तर बारमनच्या हाताकडे बघा. तो ग्लास ४५ अंशांत तिरपा धरतो, नळाचं तोंड काचेला टेकू देत नाही, ग्लासवरच्या हार्पच्या चित्रापर्यंत भरतो आणि ठेवून देतो. आता काचेजवळ डोळे नेले तर बुडबुडे कडेने खाली जाताना दिसतात. मधोमध वर चढणारे बुडबुडे स्टाउटला आपल्याबरोबर वर ओढतात, तीच मग कडेने खाली उतरते आणि उतरताना बारीक बुडबुड्यांना घेऊन जाते. ग्लास आधी सगळा तपकिरी, ढगाळ असतो. मग खालून काळा व्हायला लागतो आणि काळ्या-पांढऱ्याची रेघ वर सरकते. जाहिरातीत याला ११९.५ सेकंद लागतात असं सांगायचे. प्रत्यक्षात सेकंद मोजायची गरज नाही, रेघ स्थिर झाली की झालं. मग बारमन ग्लास सरळ धरतो, नळाचा दांडा मागे ढकलून हलकेच वरचा भाग भरतो आणि फेस काठाच्या किंचित वर फुगून उभा राहतो. या मधल्या वेळेत "माझा पाइंट तयार आहे ना?" म्हणून हात पुढे करू नका. इथे तो अधीरपणा वाटतो.

पाइंट चांगला होता की नाही याचा पुरावा ग्लासवरच राहतो. प्रत्येक घोटानंतर काचेवर फेसाचं एक पांढरं कडं उरायला हवं, आणि शेवटी अशी कडी एकाखाली एक दिसायला हवीत. फेस भराभर विरला, त्यात मोठमोठे बुडबुडे दिसले, काच कोरडी राहिली, तर ग्लास नीट धुतलेला नाही किंवा नळीची रड आहे. असा पाइंट परत करायला लाजू नका. शांतपणे सांगितलं तर चांगला पबवाला वाद न घालता दुसरा भरून देतो.

जागा म्हणाल तर पाहुण्यांना मी सगळ्यात आधी ग्लासनेविनला नेतो. जॉन कॅव्हना हे पबाचं खरं नाव, पण सगळं शहर त्याला ग्रेव्हडिगर्स म्हणतं. १८३३ पासून तो त्याच घराण्याकडे आहे आणि त्याच्या भिंतीला लागून ग्लासनेविनची दफनभूमी आहे, जिथे डॅनियल ओ'कॉनेल आणि मायकेल कॉलिन्स यांना पुरलं आहे. कबरी खणणारे पलीकडून भिंतीवर थाप मारून पाइंट मागवायचे असं सांगतात. आत टीव्ही नाही, गाणी नाहीत. फक्त लाकूड आणि माणसांचं बोलणं. इथेच कॉडल खावं. सॉसेज, रॅशर (डुकराच्या मांसाचे खारवलेले काप), बटाटा आणि कांदा एकत्र मंद उकळायचं, परतायचं काही नाही, त्यामुळे पातेल्यात सगळं फिकट पांढरं दिसतं. पहिल्यांदा बघणाऱ्याची भूक तिथेच जाते. पण पावसातून ओलं होऊन आल्यावर त्या रश्श्यात पाव बुडवून खाल्ला की डब्लिनची माणसं या पदार्थाबद्दल इतक्या जिव्हाळ्याने का बोलतात ते कळतं.

शहराच्या मध्यात राहायचं असेल तर पूलबेग स्ट्रीटवरचं मुलिगन्स, साउथ ॲन स्ट्रीटवरचं केहोज आणि साउथ विल्यम स्ट्रीटवरचं ग्रोगन्स. ग्रोगन्समध्ये टोस्टी मागवा: हॅम, चीज, टोमॅटो, कांदा, दोन पावांमध्ये दाबून भाजलेलं, बाजूला झणझणीत मोहरीची चटणी. मोहरी नाकात जाते आणि वर थंड स्टाउटचा घोट. स्वयंपाकघरच नसलेल्या पबांतही टोस्टी असते, कारण तिला एक छोटं यंत्र पुरतं.

आणि टेटो, म्हणजे बटाट्याचे वेफर्स. चव चीज आणि कांद्याची. ही कंपनी १९५४ मध्ये डब्लिनमध्ये सुरू झाली. पबात टेटोचं पाकीट हातात धरून एकट्याने खात नाहीत. पाकिटाची शिवण उभी फाडतात, ते ताटासारखं सपाट पसरतात आणि टेबलाच्या मधोमध ठेवतात, सगळ्यांसाठी. तुम्ही उठून पाकीट आणलंत आणि असं उघडून ठेवलंत की टेबलावरची अनोळखी माणसंही तुमच्याशी बोलायला लागतात.

चहाबाज

वाचनखूण साठवली. सप्टेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन येतोय. दोघंही शाकाहारी, बाबा अधूनमधून बिअर घेतात. गिनेसमध्ये मासा असतो असं कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलंय. खरं आहे का? आणि पबात त्यांना खायला काय मिळेल?

लिफीकाठ

@चहाबाज, ऐकलंत त्यात पूर्वी तथ्य होतं. बिअर नितळ करायला माशाच्या पोटातल्या फुग्यापासून काढलेला आयझिंग्लास वापरायचे. पिंपातली गिनेस २०१७ पासून त्याशिवाय गाळली जाते, त्यामुळे बाबांना निःशंकपणे घेऊ दे.

खाण्याचं मात्र विचारून घ्या. सूप भाज्यांचं असलं तरी पाणी कोंबडीचं असू शकतं. "हे चिकन स्टॉकमध्ये केलंय का?" असं विचारलं तर खरं सांगतात. काही ठिकाणी चिप्स गोवंशाच्या चरबीत तळतात, मुख्यतः जुन्या चिपरवाल्यांकडे (मासे-चिप्सच्या दुकानांत), तेही आधी विचारा. चीज-टोमॅटो-कांद्याची टोस्टी हॅम वगळून कुठेही करून देतात. आणि सूपाबरोबरचा ब्राउन ब्रेड आईंना नक्की आवडेल. तो यीस्टने फुगवत नाहीत. खायचा सोडा आणि ताक घालून करतात, म्हणून आतून ओलसर आणि किंचित आंबट लागतो. वर खारं लोणी सढळ हाताने.

एक गोष्ट ध्यानात ठेवा: बऱ्याच पबांचं स्वयंपाकघर रात्री आठ-नऊला बंद होतं. आपल्याकडच्या जेवायच्या वेळेला गेलात तर टेटोवर रात्र काढावी लागेल. आई-बाबांना साडेसहाला जेवायला बसवा.

कॉर्कवासी

छान लिहिलंय, पण धाग्याच्या नावात आयर्लंड आहे आणि मजकुरात फक्त डब्लिन. कॉर्कमध्ये येऊन कोणी आल्याआल्या गिनेस मागितली तर मला जरा लागतंच. इथे दोन स्टाउट आमच्या स्वतःच्या आहेत. बीमिश १७९२ पासूनची आणि मर्फीज १८५६ पासूनची. बीमिशचा जुना कारखाना साउथ मेन स्ट्रीटवर होता, तो २००९ मध्ये बंद झाला. आता दोन्ही मर्फीजच्याच कारखान्यात बनतात. मर्फीज मऊ, जराशी गोडसर. बीमिश जास्त भाजलेली, कडसर, कोरडी. मला विचाराल तर बीमिश, आणि ती खिशालाही हलकी पडते. दोन्हींचा अर्धा-अर्धा पाइंट शेजारी ठेवून प्या, फरक लगेच कळेल. अर्ध्या पाइंटाला इथे "ग्लास" म्हणतात, तसंच मागा.

खाण्यासाठी इंग्लिश मार्केट. १७८८ पासूनचा बाजार आहे, वर छत, मध्ये कारंजं, मासळीचे लांबच लांब गाळे. तिथे वजडी आणि ड्रिशीन मिळतं. ड्रिशीन म्हणजे रक्ताचं सॉसेज, पण ब्लॅक पुडिंगसारखं घट्ट आणि धान्य भरलेलं नव्हे, जेलीसारखं थरथरतं. ते वजडीबरोबर दुधात आणि कांद्यात शिजवतात. माझ्या सासरी वजडी तिखट, काळ्या मसाल्यात होते, त्यामुळे पांढऱ्या दुधातली वजडी समोर आली तेव्हा हात पुढे जाईना. आता मी ती आवडीने खाते. मिरपूड मात्र भरपूर लागते. बाजारात ही मागणारे बहुतेक म्हातारे-म्हाताऱ्याच दिसतात, आणि या पदार्थाचं पुढे काय होणार याची मला काळजी वाटते.

डिसेंबरमध्ये आलात तर स्पाइस्ड बीफ. मीठ, साखर, लवंग, ऑलस्पाइस, मिरी यांत मुरवलेलं मांस. कॉर्क बंदरातून शतकानुशतकं खारवलेलं मांस आणि लोणी जहाजांवर चढायचं, परतीच्या जहाजांनी मसाले यायचे. हा पदार्थ त्या व्यापाराच्या वाटेवरचा आहे. खाणाऱ्यांनी जाड काप नको, पातळ मागावेत.

लिफीकाठ

@कॉर्कवासी, अगदी रास्त. बीमिश डब्लिनमध्ये शोधत फिरावं लागतं, आणि मिळाली तरी तिचा खप इथे कमी, म्हणजे वर लिहिलेली नळीची अडचण. ती कॉर्कमध्येच प्यावी.

सांख्यिकी

"गिनेस प्रवासात बिघडते" या समजुतीची रीतसर तपासणी झालेली आहे. वेगवेगळ्या देशांच्या चार संशोधकांनी १४ देशांतल्या ३३ शहरांत मिळून १०३ वेळा गिनेस चाखली, फेसाची उंची, तापमान, चव सगळं नोंदवलं आणि २०११ मध्ये ते एका अन्नशास्त्राच्या नियतकालिकात छापलं. शंभरपैकी आयर्लंडमधल्या पाइंटांना सरासरी ७४ आणि बाहेरच्यांना ५७. त्यातून कारण सिद्ध होत नाही हे त्यांनीही मान्य केलंय. लिफीकाठ म्हणतात तो खपाचा मुद्दाच मला पटतो: इथे पिंप ताजं असतं आणि भरणाऱ्याचा हात बसलेला असतो.

माझ्यासाठी सेंट जेम्सेस गेटचं आकर्षण आणखी एका कारणाने आहे. विल्यम सीली गॉसेट तिथे नोकरीला होता. जव आणि हॉप्सचे थोडेच नमुने हातात असताना निष्कर्ष कसा काढायचा, हा कारखान्याचा रोजचा प्रश्न. त्यातून त्याने १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने तो निबंध लिहिला, ज्याची टी-चाचणी आज आपल्याकडे बी.एस्सी.ला संख्याशास्त्र शिकणारे विद्यार्थी करतात. तिथे गेलो तेव्हा मी बिअरपेक्षा त्याच्याविषयीच जास्त बोललो.

टपरी

मी डब्लिनला दोनदा गेलोय. टेम्पल बारमधल्या पाइंटात मला काही वाईट लागलं नाही. तुमच्याच नियमाने बघा, तिथे खप सगळ्यात जास्त, म्हणजे माल सगळ्यात ताजा. मग तिथे जाऊ नका का म्हणता?

लिफीकाठ

@टपरी, मुद्दा बरोबर आहे. तिथलं पिंप ताजंच असतं. पण रांग एवढी असते की बारमनला दोन टप्प्यांमध्ये थांबायला फुरसत मिळेलच असं नाही, आणि बोलायला तर कोणालाच नाही. माझ्या लेखी पाइंट म्हणजे ते पाऊण तासाचं बोलणंही आहे. पैसे जास्त देऊन ते मिळत नसेल तर मी पाहुण्याला तिथे का पाठवू? गाणं ऐकायला लोक तिथे जातात, तर त्यांनी स्मिथफील्डच्या कॉबलस्टोन पबात जावं. तिथे वादक कोपऱ्यातल्या टेबलाभोवती बसून आपसांत वाजवतात, रंगमंच वगैरे नाही. २०२१ मध्ये त्या जागी हॉटेल बांधायचा प्रस्ताव आला तेव्हा लोक फिडल आणि बासऱ्या घेऊन रस्त्यावर उतरले, आणि महापालिकेने परवानगी नाकारली. तिथे वादन चालू असताना हळू बोला आणि वादकांच्या खुर्च्यांवर बसू नका, रिकाम्या दिसल्या तरी.

कालवांवाला

मालवणी माणसाने गॉलवेला जावं असं मी हक्काने सांगतो. इथली कालवं! खाडीचं थंड पाणी, त्यात नद्यांचं गोडं पाणी मिसळतं, आणि त्या पाण्यात वाढलेली चपटी देशी कालवं. त्यांचा मोसम सप्टेंबर ते एप्रिल. गॉलवेचा कालवांचा महोत्सव १९५४ पासून भरतो, सप्टेंबरच्या शेवटी. शिंपली उघडून, आतलं खारं पाणी न सांडता, बर्फावर मांडून देतात. लिंबू पिळायचं आणि कच्चंच तोंडात. आपण कालवं सुक्यात घालतो, आमटीत घालतो, तिरफळं घालतो; इथे त्याला काहीच लावत नाहीत, आणि लावायची गरजही नाही. बाजूला ब्राउन ब्रेड आणि स्टाउट. खारट कालव आणि कडू स्टाउट ही जोडी जमते ती अशी, की दुसऱ्या कशाची आठवण होत नाही. किलकॉल्गनला मोरन्स म्हणून गवताच्या छपराचं घर आहे, बाहेर बाकांवर बसून समोर पाणी बघत खाता येतं.

क्लेअरमधल्या किलकीला समुद्रकाठी पेरिविंकल म्हणजे छोटे शंख उकडून कागदी पिशवीत विकतात. पिशवीबरोबर टाचणी देतात. टाचणीने टोक धरून गोल फिरवत मांस ओढायचं. सोबत डिलिस्क, म्हणजे वाळवलेलं तांबडं समुद्री शेवाळ, नुसतं चघळायला. माझ्या मुलीला डिलिस्क फार आवडतं.

आणि हो, इथे सिंधुदुर्ग म्हटलं की लोक ओळखतात. लिओ वराडकरांचे वडील मालवणजवळच्या वराडचे. २०१७ मध्ये ते पंतप्रधान झाले तेव्हा कोपऱ्यावरच्या पबातल्या माणसांनी मला गाव नकाशावर दाखवायला लावलं होतं, आणि त्या दिवशी माझ्या पाइंटचे पैसे त्यांनीच भरले.

रात्रपाळी

मी नर्स आहे, डब्लिनला. तुमच्या पबांच्या वेळा आणि माझ्या सुट्टीच्या वेळा जमत नाहीत, त्यामुळे रात्री-अपरात्रीच्या खाण्याचं मी लिहिते.

स्पाइस बॅग हा डब्लिनच्या चिनी टेकअवेंमध्ये जन्मलेला पदार्थ आहे, २०१०च्या आसपासचा. तपकिरी कागदाच्या पिशवीत चिप्स, तळलेल्या कुरकुरीत चिकनचे तुकडे, ढोबळी मिरची, कांदा, लाल मिरच्या आणि वर खारट-तिखट मसाला. पिशवीचं तोंड बंद करून खूप हलवतात. कागदातून तेल बाहेर दिसायला लागतं. कोणी म्हणेल हे काय खाणं आहे, पण बारा तास वॉर्डात उभं राहिल्यावर गरम पिशवी मांडीवर घेऊन बसलं की अंगात जीव येतो. सोबत करी सॉस घ्या. तो पिवळसर, दाट, गोडसर असतो. आपली आमटी डोक्यात ठेवून खाल्लात तर निराश व्हाल, चिप्सचा सॉस म्हणून खाल्लात तर आवडेल.

सकाळी पाळी संपल्यावर पेट्रोल पंपावरच्या किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातल्या डेलीत ब्रेकफास्ट रोल. लांब पावात सॉसेज, रॅशर, पुडिंग (गोड नव्हे, सॉसेजसारखं), अंडं. दुपारी त्याच काउंटरवर चिकन फिले रोल. रांगेत तुमचा नंबर आला की काउंटरपलीकडची ताई भराभर विचारते: साधं की तिखट, लोणी की मेयो, लेट्यूस, कांदा, चीज? उत्तरं आधी ठरवून ठेवा, मागे पंधरा भुकेली माणसं असतात. इथे आल्यावर मी पहिलं इंग्रजी संभाषण न अडखळता केलं ते या काउंटरवर. आवडीने सांगते मी हे नव्या मुलींना.

वॉटरफर्डची सून

ब्ला राहिला! वॉटरफर्डचा मऊ पांढरा पाव, चौकोनी-गोल, वर पीठ भुरभुरलेलं. २०१३ पासून त्याला युरोपातलं भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे वॉटरफर्डच्या भागात बनला तरच तो ब्ला. सकाळी बेकरीतून आणायचा आणि दुपारच्या आत संपवायचा, नंतर त्यात ती मजा राहत नाही. आमच्याकडे लोणी लावून रॅशर घालतात, आणि मुलं टेटो चुरून घालतात. मी बटाट्याची भाजी आणि लसणाची कोरडी चटणी घालून दिली. सासूबाई आता रविवारी तेच मागतात.

न पिणारा

मी पीत नाही, पण ऑफिसचे लोक शुक्रवारी पबात बोलावतात. टाळत आलोय. तिथे जाऊन न पिणं अवघड वाटेल का? आणि ते राउंडचं काय असतं?

लिफीकाठ

@न पिणारा, नक्की जा. राउंड म्हणजे प्रत्येकजण आळीपाळीने सगळ्यांचं आणतो. चौघं बसलात तर चार राउंड होतात आणि प्रत्येकाची एकदा पाळी येते. यातली मेख अशी, की दुसऱ्यांनी आणलेलं घेतलं आणि आपली पाळी न घेता उठलो तर ते लोकांच्या लक्षात राहतं, वर्षानुवर्षं. कोणी तोंडावर बोलणार नाही. म्हणून बसतानाच सांगायचं, "मी राउंडमध्ये नाही, माझं मी बघतो." कोणाला काही वाटत नाही. किंवा राउंडमध्ये राहा आणि साधं पेय मागा. रॉक शँडी मागून बघा, संत्रं आणि लिंबाचं मिश्रण असतं. बिनदारूची गिनेसही आता बहुतेक ठिकाणी आहे. चहाही देतात, किटलीत. बरेच आयरिश लोकही पीत नाहीत. धर्मभावनेने दारू सोडणाऱ्यांची इथे जुनी परंपरा आहे. तुमच्या हातात काय आहे यापेक्षा तुम्ही गप्पांना आलात, याचं त्यांना अप्रूप असतं.

जुना डब्लिनकर

मी २००२ पासून इथे आहे. तेव्हा पबातून घरी आलं की कोट बाहेर टांगावा लागायचा, एवढा धूर. २९ मार्च २००४ ला पबांसकट सगळ्या कामाच्या जागी धूम्रपानबंदी आली, असं करणारा आयर्लंड जगातला पहिला देश. पब बुडतील अशी ओरड झाली होती. नंतर २०११ मध्ये गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलीलिटरला ८० वरून ५० मिलीग्रॅमवर आणली. खेड्यातल्या पबांना त्याचा खरा फटका बसला, कारण तिथे बस नाही आणि टॅक्सीही नाही. ज्यांना टिकायचं होतं त्यांनी स्वयंपाकघरं वाढवली. तुम्हाला आज जो सीफूड चाउडर (मासळीचं दाट सूप) आणि दुपारची कार्व्हरी जागोजागी दिसते, तिचा पसारा या वर्षांत वाढला.

कार्व्हरीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ताट घेऊन रांगेत उभं राहायचं, समोर भाजलेलं बीफ किंवा टर्की आणि हॅम कापून देतात. त्याच ताटात कुस्करलेला बटाटा, भाजलेला बटाटा आणि मागितलात तर चिप्सही. तीन प्रकारचा बटाटा एका ताटात, आणि इथे कोणालाच ते जास्त वाटत नाही. लझान्या मागवलात तरी बाजूला चिप्स आणि कोलस्लॉ येतं. रविवारी दुपारी एक वाजता आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळं घर तिथे जेवत असतं. आयर्लंड बघायचा असेल तर मी रात्रीच्या पबापेक्षा ही दुपार सुचवेन.

बेलफास्टकर

उत्तरेकडचं थोडक्यात. ग्रेट व्हिक्टोरिया स्ट्रीटवरचं क्राउन हे पब बघाच. १९७८ पासून जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टच्या मालकीचं आहे. गॅसचे दिवे, रंगीत काचा, आणि दार लावून बसायचे लाकडी कप्पे. न्याहारीला अल्स्टर फ्राय, ज्यात सोडा ब्रेड आणि बटाट्याची पोळी तव्यावर तळून देतात. ती बटाट्याची पोळी माझ्या आईने इथे आल्यावर दुसऱ्याच दिवशी करून बघितली. आणि इथला टेटो वेगळा, टँडरागीचा. १९५६ पासूनची निराळी कंपनी. दक्षिणेतल्या मित्रांसमोर कुठला चांगला हे बोलताना जपून.

चहाबाज

सगळ्यांचे आभार, यादी छापून घेतोय. शेवटचा प्रश्न: बहीणही येतेय, तिचा मुलगा सात वर्षांचा. त्याला पबात नेता येतं का?

लिफीकाठ

@चहाबाज, येतं, मोठी माणसं बरोबर असली की झालं. कायद्याने मुलांना रात्री नऊपर्यंतच पबात थांबता येतं, मे ते सप्टेंबर दहापर्यंत. तुम्ही सप्टेंबरमध्ये येताय, म्हणजे तुम्हाला दहा. काही पबवाले मात्र स्वतःच्या नियमाने सातलाच मुलांना घरी पाठवतात, तर दारातच विचारून घ्या. शनिवारी दुपारी तीन-चारच्या सुमाराला ग्लासनेविनला या. त्या वेळी बसायला जागा मिळते, आणि पबासमोरच्या मोकळ्या गवतावर मुलाला पळता येतं. कॉडल हवं असेल तर बसल्याबसल्या सांगून ठेवा, उशीर केला तर संपतं.